घरातला मोबाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या अभ्यासापासून आजीच्या व्हिडिओ कॉलपर्यंत घरातल्या प्रत्येक गोष्टीत मोबाइल शिरला आहे आणि त्यावरून घरोघरी कुरबुरीही होतात. नातेवाईक, मैत्रिणी, मुलांच्या मित्रांचे आईवडील मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मी दोन मुलांची आई आहे आणि ऐंशी ओलांडलेल्या वडिलांची मुलगी. उत्तरं त्याच जागेवरून दिली आहेत. जिथे संशोधन आहे तिथे ते सांगितलं आहे, बाकी माझं मत आहे.

मोबाइलमुळे घरातली माणसं दुरावली, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण हा दुरावा तासांच्या हिशेबात सापडत नाही. मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते, "आई, आज काय झालं माहितीये?" म्हणते. मी "हं, सांग ना" म्हणते, पण डोळे स्क्रीनवरच असतात. ती अर्धं वाक्य बोलते, थांबते आणि "जाऊ दे" म्हणून आत जाते. सगळं मिळून दहा सेकंद. फोन आठवड्याच्या शेवटी वापराचा जो अहवाल दाखवतो, त्यात हे दहा सेकंद कुठेच नसतात. असे "जाऊ दे" साठत गेले की मूल सांगायचंच सोडून देतं. आपल्याला ते कळतं तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचं झालेलं असतं आणि आपण म्हणतो, "हल्ली काही बोलतच नाही."

म्हणून मोबाइलचं नुकसान कशात मोजायचं असं कुणी विचारलं, तर मी सांगते: दिवसभरात कुणाचं बोलणं किती वेळा अर्धवट राहिलं ते मोजा.

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१२च्या सुमारास एक साधा प्रयोग केला होता. अनोळखी माणसांच्या जोड्या गप्पा मारायला बसवल्या. काही जोड्यांच्या जवळ बाजूला एक मोबाइल नुसता ठेवलेला होता, बाकीच्यांजवळ त्याच जागी वही. मोबाइल होता तिथे माणसांना एकमेकांबद्दल वाटलेली जवळीक कमी भरली, आणि विषय मनातला असेल तर फरक जास्त होता. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे मी त्याला ब्रह्मवाक्य मानत नाही. पण फोन पालथा घालून ठेवणं आणि दुसऱ्या खोलीत ठेवणं यातला फरक घरी आठवडाभर करून बघा. आमच्याकडे तो लगेच जाणवला.

मग रोज किती वेळ वापरला तर चालेल?

मोठ्यांसाठी असा एक आकडा नाही. दूर राहणाऱ्या बहिणीशी तासभर बोललेलं आणि तासभर रील सरकवलेल्या, हे दोन्ही फोनच्या हिशेबात सारखेच तास. वेळ मोजण्यापेक्षा मी चार गोष्टी बघते: झोप कमी झाली का, अंग हलवणं कमी झालं का, समोरासमोरचं बोलणं कमी झालं का आणि काहीही न करता बसायचा रिकामा वेळ उरला का. चौथी गोष्ट लोकांना क्षुल्लक वाटते. मला वाटत नाही. मुलं कंटाळली की खेळ शोधतात, चित्रं काढतात, भांडतात, प्रश्न विचारतात. कंटाळा यायच्या आतच हातात फोन दिला तर हे काहीच होत नाही.

लहान मुलांसाठी मात्र आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी स्क्रीन अजिबात नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघणं दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच.

व्हिडिओ कॉलही त्यात मोजायचा का?

नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली अठरा महिन्यांखालच्या मुलांना स्क्रीनपासून दूर ठेवायला सांगताना व्हिडिओ कॉलला सूट दिली. कारण उघड आहे: पलीकडचं माणूस बाळाच्या हसण्याला उत्तर देतं, नाव घेऊन हाक मारतं. कार्टूनला हे जमत नाही. फक्त बाळाला मांडीवर घेऊन तुम्हीही त्या कॉलमध्ये सामील व्हा.

बाळ जेवत नाही, म्हणून फोन लावून भरवतो. खूप वाईट आहे का?

एखाद्या दिवशी थकलेल्या आईबापांनी केलं तर त्यासाठी मी कुणालाही दोष देणार नाही. मीही केलं आहे. रोजची सवय झाली की अडचण होते. मूल चित्रात गुंतलेलं असतं, तोंड आपोआप उघडतं आणि पोट भरलं हे त्याला स्वतःला कळायच्या आत घास जात राहतो. भूक लागली, पोट भरलं, हे अंग नेमकं काय सांगतं ते ओळखायला मूल याच वयात शिकतं.

सवय मोडायची तर एकदम तोडू नका, पहिले तीन-चार दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल. आधी दिवसातलं एक जेवण फोनशिवाय, त्या जेवणाला घरातलं आणखी कुणीतरी सोबत बसलेलं. त्या वेळी मूल कमी जेवलं तरी घाबरून जाऊ नका, पुढच्या जेवणाला भरून काढतं. वजन वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, फोनशी भांडत बसू नका.

मुलं ऐकत नाहीत. सारखी मोबाइल मागतात. काय करावं?

आधी आपले हात बघावेत. हे बोचतं हे मला ठाऊक आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग ती चेहरा एकदम निर्विकार करते आणि काही मिनिटं बाळाकडे बघत नुसती बसून राहते. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं. आईकडून काहीच येत नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ होतं, मान फिरवतं, रडतं. अलीकडे काही संशोधकांनी हाच प्रयोग आईच्या हातात मोबाइल देऊन केला आणि बाळं तशीच बेचैन झाली. मोबाइल बघताना आपला चेहरा कसा असतो हे कधी आरशात बघा. हसू नाही, राग नाही, भुवया जागच्या जागी. आपण मेसेज वाचत असतो. बाळाला दिसतो तो एक बंद झालेला चेहरा.

फोनमुळे नात्यात आणि संगोपनात येणाऱ्या अशा सततच्या व्यत्ययाला इंग्रजीत 'टेक्नोफरन्स' असा शब्दच तयार झाला आहे. आपण त्याला मोडता म्हणू. मोडता घालणारा बहुतेक वेळा मोठा माणूस असतो आणि नियम मात्र लहानांना लावले जातात. मुलांना हे नेमकं कळतं.

आमच्या घरी एक गोष्ट कामाला आली. फोन हातात घेताना कशासाठी घेतोय ते मोठ्याने सांगायचं. "बाबांच्या औषधाची वेळ बघते." "तिकीट काढतोय." मुलांना आपण फोनवर काय करतो हे एरवी कळतच नाही. आपण बँकेचं काम करत असू किंवा टाइमपास, त्यांना एकच दृश्य दिसतं. सांगायची सवय लागली आणि मला स्वतःलाच कळलं की दिवसातून कितीतरी वेळा सांगायला कारणच नसतं.

फोन हातातून सुटत नाही. माझं मनच कमकुवत आहे का?

अजिबात नाही. समोरची वस्तू हातातून सुटू नये म्हणून शिकलेल्या माणसांनी डोकं लावून बनवली आहे. पूर्वी वेबपेज खाली संपायचं आणि पुढे जायला बटण दाबावं लागायचं. तेवढ्या वेळात माणूस भानावर यायचा. २००६ साली आझा रास्किन याने न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि तो थांबाच गेला. पुढे त्याने स्वतः त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. दुसरी युक्ती त्याहून जुनी. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्याऐवजी कधी मिळतं, कधी नाही, असं केलं की प्राणी कळ दाबायचं थांबवतच नाही. आपण बोटाने स्क्रीन खाली ओढतो आणि काहीतरी नवीन येतं किंवा येत नाही, तेव्हा तेच घडत असतं.

म्हणून निश्चय करण्यापेक्षा रचना बदलणं सोपं जातं. माझ्या उपयोगी पडलेले बदल सांगते. नोटिफिकेशन फक्त माणसांचे चालू ठेवले: फोन, मेसेज. अ‍ॅप स्वतःहून जे पाठवतं ते सगळं बंद. व्हिडिओ आपोआप पुढचा लागतो ती सोय बंद केली. घड्याळ म्हणून भिंतीवर घड्याळ लावलं आणि गजरासाठी वेगळं घड्याळ आणलं, कारण वेळ बघायला उचललेला फोन वीस मिनिटांनी खाली ठेवला जायचा. स्क्रीन काळी-पांढरी करायची सोयही बहुतेक फोनमध्ये असते. मला ती फारशी मानवली नाही, माझ्या भावाला मानवली.

याला व्यसन म्हणायचं का?

हा शब्द घरात जपून वापरावा असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, गेमिंगचा विकार आहे. मोबाइलचं व्यसन असा वेगळा आजार त्यात नाही. गेमिंगच्या विकारासाठीही तीन गोष्टी बघतात: स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. हे सगळं साधारण वर्षभर टिकून असावं लागतं. शाळा सुटली, झोप गेली, फोन काढून घेतल्यावर मूल अंगावर धावून येतं, अशी वेळ असेल तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका. सुट्टीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला "व्यसनी" म्हणू नका. ते मूल तो शब्द आयुष्यभर लक्षात ठेवतं.

मुलाला स्वतःचा फोन कोणत्या वयात द्यावा?

पुष्कळ समाजमाध्यमांची वयोमर्यादा १३ वर्षं आहे, त्यामुळे तेरावं म्हणजे योग्य वय असा समज झाला आहे. हा आकडा अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यातून आला. त्या कायद्याचा विषय होता तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती कंपन्यांनी गोळा करण्याचा. मुलाच्या मनाची तयारी कधी होते याचा तो निकष नव्हेच. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून समाजमाध्यमांवरच्या खात्यासाठी ही मर्यादा १६वर नेली आणि १० डिसेंबर २०२५पासून ती लागू झाली. फ्रान्सने २०१८मध्येच लहान वर्गांच्या शाळांत फोन वापरायला मनाई केली. जगभर सगळे चाचपडत आहेत. तुम्हीही चाचपडत असाल तर त्यात कमीपणा नाही.

माझं मत: फोन आणि समाजमाध्यम हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते एकाच दिवशी घेऊ नयेत. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलाकडे फोन हवा, त्यासाठी साधा बटणांचा फोनही पुरतो. स्मार्टफोन देताना तो पहिली काही वर्षं घराचा आहे आणि रात्री बैठकीच्या खोलीत झोपतो, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दिलेली मोकळीक नंतर काढून घेणं फार जड जातं. आणि शक्य असेल तर मुलाच्या दोन-तीन जवळच्या मित्रांच्या आईवडिलांशी आधी बोला. "सगळ्यांकडे आहे" याला उत्तर एकट्या घराला देता येत नाही, चार घरांना मिळून देता येतं.

मुलांचे मेसेज वाचावेत का?

लपून वाचू नयेत. लहान मुलाच्या फोनवर पालकांचं लक्ष असणार हे त्याला आधीच सांगून ठेवावं. मूल मोठं होईल तसं ते लक्ष कमी करत न्यावं. चोरून वाचलेलं एक दिवस उघडकीला येतंच, आणि खरंच अडचणीत सापडलेलं मूल नेमकं तेव्हा तुमच्याकडे येत नाही. कुणी धमकावतंय, कुणी फोटो मागतंय, असं काही झालं तर "आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही" हे वचन मी माझ्या मुलांना दिलं आहे. पुष्कळ मुलं फोन जाईल या एकाच भीतीने गप्प बसतात.

रात्री फोन उशाशी ठेवला तर काय बिघडतं?

झोप बिघडते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही जणांना लागोपाठ पाच रात्री झोपण्याआधी उजळ स्क्रीनवर वाचायला दिलं आणि पाच रात्री छापील पुस्तक. स्क्रीनवर वाचलं त्या रात्री झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन कमी झालं, झोप लागायला जास्त वेळ गेला आणि सकाळी सुस्तीही जास्त होती. स्क्रीन पिवळसर करण्याची सोय त्यानंतर सगळ्या फोनमध्ये आली. तिच्यावर फार विसंबू नका. प्रकाश कमी झाला तरी भांडणाचा मेसेज किंवा वाईट बातमी झोप उडवतेच.

घरातले सगळे फोन रात्री एकाच जागी चार्जिंगला लावायचे, हा आमच्या घरातला सर्वांत टिकलेला नियम. मोठ्यांचेही. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल, तर फक्त काही नंबरांची रिंग वाजेल अशी सेटिंग करता येते.

डोळे, मान, किरणं?

डोळ्यांसाठी: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. स्क्रीन बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून त्यांना रोज घराबाहेर उजेडात खेळू देणं सगळ्यात उपयोगी.

मानेसाठी: डोक्याचं वजन साधारण पाच किलो असतं. मान जितकी खाली वाकेल तितका मणक्यावरचा भार वाढतो. फोन डोळ्यांच्या पातळीवर आणा.

किरणांबद्दल: २०११ साली कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मोबाइलच्या लहरींना "कदाचित कारणीभूत" या गटात टाकलं होतं आणि तेव्हापासूनची भीती अजून फिरते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ साली आलेल्या आढाव्यात मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. रात्री दोन वाजेपर्यंत जागं राहण्याने होणारं नुकसान यापेक्षा कितीतरी खात्रीचं आहे.

सगळं वाईटच सांगताय. फायदा काहीच नाही का?

आहे, आणि तो नाकारणाऱ्यांचा मला राग येतो, कारण बहुतेकदा ते धडधाकट असतात आणि त्यांची माणसं जवळ राहत असतात.

माझ्या बाबांना कमी ऐकू येतं. कितीतरी वर्षं ते घरातल्या गप्पांत नुसते हसत बसायचे. काय चाललंय ते कळत नसल्याने दर वेळी विचारायची त्यांना लाज वाटायची. आता ते फोन समोर ठेवतात आणि बोललेलं अक्षरांत उमटतं. चुका होतात, नावं तर हमखास चुकतात, पण परवा त्यांनी मध्येच "नाही, तसं नव्हतं झालं ते" म्हणून जुनी गोष्ट दुरुस्त केली. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी ते गप्पांत आले होते!

दृष्टी नसलेल्या माणसांसाठी स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारी सोय २००९पासून फोनच्या आतच मिळते. पत्र, औषधाचं पाकीट, दारावरची पाटी यांच्यावर कॅमेरा धरला की फोन वाचतो. ज्या घरात असं माणूस आहे त्यांना विचारा, आधी एका पत्रासाठी किती जणांना विनवणी करावी लागायची.

शिवाय दूर गेलेली मुलं. एका पिढीपूर्वी परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र यायला आठवडे लागायचे आणि कॉल इतका महाग की ख्यालीखुशालीतच संपायचा. आज आजी नातवाचं पहिलं पाऊल त्याच क्षणी बघते.

एक सोय मात्र बहुतेकांनी वापरलेलीच नसते: लॉक स्क्रीनवरची आपत्कालीन माहिती. रक्तगट, चालू औषधं, अ‍ॅलर्जी आणि कुणाला कळवायचं ते नंबर, हे सगळं फोन न उघडता अनोळखी माणसालाही दिसेल असं भरून ठेवता येतं. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की मदतीचा कॉल जातो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच हे करून टाका.

आजी-आजोबांना फोन शिकवताना चिडचिड होते.

होते. पण त्यांचं बोट थरथरतं, अक्षर दिसत नाही आणि काही बिघडेल ही भीती असते. ही तिन्ही कारणं वेगळी आहेत. अक्षर मोठं करा, नको ती अ‍ॅप काढा, चार माणसांचे फोटो पहिल्याच पानावर लावा. शिकवताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपण झटकन हिसकावून "हे बघा, असं" म्हणून करून दिलं की ते काहीच शिकत नाहीत, फक्त आपल्याला जमत नाही एवढं शिकतात. पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्या. बाबांची ती वही अजून उशाशी असते.

घरातलं वयस्कर माणूस फसवलं जाईल अशी भीती वाटते.

रास्त भीती आहे. फसवणारे घाई आणि भीती या दोन गोष्टींवर जगतात: खातं बंद होईल, नातू अडचणीत आहे, आत्ताच्या आत्ता करा. आता माणसाच्या आवाजाची नक्कलही करता येते, त्यामुळे ओळखीचा आवाज हा पुरावा राहिलेला नाही. घरात एक परवलीचा शब्द ठरवा, जो कुठल्याच मेसेजमध्ये लिहिलेला नसेल. पैसे मागणाऱ्याने तो सांगितला पाहिजे. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायचं नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे फसलेल्या माणसावर ओरडू नका. बँकेला जितक्या लवकर कळवू तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त असते. ओरडा बसेल या भीतीने वयस्कर माणूस दोन दिवस गप्प राहतं आणि त्या दोन दिवसांतच सगळं हातचं जातं.

फॅमिली ग्रुपवरून भांडणं होतात. ग्रुप सोडावा का?

सोडायची गरज क्वचित पडते. आधी दोन ग्रुप करा: एक फक्त कामाचा (कोण येणार, कुठे भेटायचं, कोण दवाखान्यात आहे) आणि एक गप्पांचा. दुसरा बेलाशक म्यूट करा आणि तसं सांगूनही टाका.

वाचल्याच्या निळ्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या आणि "वाचलंस पण उत्तर दिलं नाहीस" हे नवं भांडण घरात आलं. वैयक्तिक गप्पांसाठी त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये मात्र दिसतातच. आमच्याकडे ठरलं आहे की तातडीचं असेल तर फोन करायचा. मेसेजला उत्तर संध्याकाळपर्यंत आलं तरी ते वेळेवर आलं.

आरोग्याचा फॉरवर्ड आला तर ग्रुपमध्ये काकांना खोटं पाडू नका. त्यांना एकट्याला फोन करा. ते काळजीपोटीच पाठवतात.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दवाखान्याच्या वेळा, सगळ्यांचे पासवर्ड, बिलं हे सगळं बहुतेक घरांत एकाच माणसाच्या फोनवर येतं आणि ती बहुधा घरातली बाई असते. तिच्या हातात सारखा फोन दिसतो म्हणून तिलाच टोमणे बसतात. सोय सगळ्यांची झाली, काम एकीच्या वाट्याला आलं. हे वाटून घ्या. शाळेच्या ग्रुपवर दोघांनी असायचं आणि या महिन्यात कुणी बघायचं ते ठरवायचं.

नवरा-बायकोने एकमेकांचे पासवर्ड माहीत करून घ्यावेत का? लोकेशन चालू ठेवावं का?

अडीअडचणीसाठी माहीत असावेत, रोज तपासण्यासाठी नाही. लोकेशन दोघांच्याही खुशीने आणि दोघांचंही चालू असेल तर ठीक. एकाचंच चालू असेल आणि बंद केल्यावर जाब विचारला जात असेल, तर ती काळजी नसून पहारा आहे.

हजारो फोटो काढतो, बघत कधीच नाही.

लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात एक प्रयोग केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितल्या त्या जास्त. पण वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तेव्हा आठवण शाबूत राहिली. म्हणजे लक्ष देऊन काढलेला फोटो चालतो. महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून वीस फोटो निवडा आणि बाकीचे पुसा. निवडताना ज्या आठवणी निघतात त्यासाठीच हे करायचं. मुलांचे फोटो बाहेर टाकण्याआधी त्यांना विचारा, पाच वर्षांच्या मुलालाही मत असतं.

घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या फोनचं काय करायचं?

घाईने काहीच करू नका. नंबर लगेच बंद करू नका, कारण बँकेपासून विम्यापर्यंत सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. फोन चार्ज करत राहा. गूगलमध्ये २०१३पासून आणि अ‍ॅपलमध्ये २०२१पासून अशी सोय आहे की आपल्यामागे आपलं खातं कुणाला बघता यावं ते माणूस हयात असतानाच नेमून ठेवता येतं. ही सोय वयस्करांनीच नाही, सगळ्यांनी वापरावी.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे ती कायम आवाजातच मेसेज पाठवायची. "पोचलीस का? फोन कर." "छत्री घे गं." प्रत्येक चार-पाच सेकंदांचा. माझा जुना फोन बदलताना ते जवळजवळ गेलेच होते. एका भाच्याने एकेक करून बाहेर काढले आणि तीन ठिकाणी ठेवून दिले: माझ्याकडे, भावाकडे आणि एका वेगळ्या ड्राइव्हवर. तुमच्या फोनमध्ये असे आवाज असतील तर गप्पांचा बॅकअप आहे यावर थांबू नका. प्रत्येक मेसेज वेगळी फाइल म्हणून बाहेर काढा, नावात तारीख घाला आणि घरातल्या आणखी कुणाला तरी पाठवून ठेवा. बाबा आता त्यातला एक रोज सकाळी लावतात, आवाज पूर्ण वाढवून.